बुबुळावरची काच

मळणीच्या दिवसांत डोळ्यात कुसळ गेले म्हणजे काय होते, हे आपल्यापैकी कोणाला सांगायला नको. हातातले काम सुटते, डोळ्याला धार लागते, आणि कोणीतरी पदराच्या टोकाने ते कुसळ काढीपर्यंत जिवाला चैन पडत नाही. एवढा हा नाजूक अवयव. असे असून माणसाने आपण होऊन डोळ्यावर काच चढवायचे ठरवले, ती चढवली, त्रास सोसला, आणि सव्वाशे वर्षांहून अधिक काळ तो त्रास कमी कसा होईल याच्या मागे तो लागला आहे. आज मिरज-सांगलीच्या कोणत्याही कॉलेजात जा, चार-दोन मुलेमुली तरी चष्मा टाकून कॉन्टॅक्ट लेन्स लावणारी सापडतील. तालुक्याच्या गावातही लग्न ठरले की नवरीमुलगी चष्म्याऐवजी लेन्स घेऊ म्हणते. संध्याकाळी यांतलीच पुष्कळशी मुले डोळे चोळीत बसलेली दिसतात. डोळा टोचतो, कोरडा पडतो, लाल होतो. हे का होते, आणि यावर माणसांनी कोणकोणते उपाय केले, त्याची हकीकत मी आपल्याला सांगणार आहे. मी डॉक्टर नाही, इतिहासाचा मास्तर आहे. तेव्हा हकीकतीच्या अंगानेच सांगेन.

या हकीकतीला मिरजेहून सुरुवात करायला एक कारण आहे. मिरज हे डोळ्यांचे गाव. डॉ. विल्यम वानलेस हे कॅनडात जन्मलेले मिशनरी डॉक्टर १८८९ साली हिंदुस्थानात आले, आधी सांगलीला राहिले, मग मिरजेला आले, आणि १८९४ साली इथे इस्पितळाची इमारत उभी राहिली. त्या इस्पितळाचे नाव दूरवर झाले ते मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांमुळे. कोल्हापूरची रेल्वे १८९१ मध्ये मिरजेला येऊन मिळाली होती, पुणे-बेळगावचा रस्ताही लोहमार्गाने जोडलेला होता. त्यामुळे हात धरून आणलेला आंधळा म्हातारा मिरजेच्या फलाटावर उतरायचा आणि काही दिवसांनी आपल्या पायांनी गाडीत चढायचा. वानलेस यांना १९२८ साली 'सर' ही पदवी मिळाली, त्याच वर्षी ते परत गेले आणि १९३३ साली वारले. मिरज-सांगली रस्त्यावरच्या वानलेसवाडीच्या नावात ते अजून आहेत.

त्याच्या आधी काय होते? मोतीबिंदू 'पाडणे' होते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ही क्रिया सांगितलेली आहे. जवाच्या टोकासारखी अणी असलेली शलाका डोळ्यात घालून गढूळ झालेले भिंग बाजूला सारायचे, डोळ्यावर तुपात भिजवलेला कापूस ठेवून पट्टी बांधायची, आणि रोग्याला उताणे निजवून बजावायचे की शिंकू नको, खोकू नको, ढेकर देऊ नको, थुंकू नको. ज्याने हे लिहिले त्याला डोळ्याची नाजूकता पुरती कळलेली होती. पुढे हीच विद्या गावोगाव फिरणाऱ्या, शलाका नीट न धुणाऱ्या लोकांच्या हाती गेली, आणि पाडलेला डोळा पुष्कळदा कायमचाच गेला. आपल्या मराठी इतिहासात याचे एक चांगले पानही आहे. तंजावरचे सरफोजीराजे भोसले, म्हणजे दुसरे सरफोजी, यांच्या पदरी धन्वंतरी महाल होता; तिथे डोळ्यांवर उपचार केलेल्या रोग्यांच्या नोंदी ठेवीत आणि त्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रेही काढून ठेवीत. १८३२ साली राजे वारले. ती चित्रे तंजावरच्या सरस्वती महालात आजही आहेत.

पण मोतीबिंदू पाडला काय आणि चांगल्या डॉक्टरने कापून काढला काय, एक गोष्ट राहतेच. डोळ्यातले भिंग गेले म्हणजे त्याच्या जागी दुसरे भिंग पाहिजे. ते कुठे बसवायचे? त्या काळी जागा एकच, नाकावर. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला दहा-बारा नंबरचा जाड चष्मा मिळायचा. सोडावॉटरच्या बाटलीचा बूड कापून लावल्यासारखा तो दिसे, आणि गावातली पोरे म्हाताऱ्याला तशी नावेही ठेवीत. त्या चष्म्यातून दिसायचे, पण कसे? प्रत्येक वस्तू पंचवीस-तीस टक्के मोठी. कप जवळ आहे असे वाटून चहा बशीबाहेर ओतला जायचा. जिना उतरताना पायरी वर आलेली दिसे. चष्म्याच्या कडेला एक आंधळी पट्टी राही. त्या पट्टीतून दाराची चौकट किंवा बैलाचे शिंग एकदम पुढे उडी मारून येई. आणि ज्याच्या एकाच डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला असे त्याची तर फारच पंचाईत. एका डोळ्याला बैल बैलाएवढा, दुसऱ्याला रेड्याएवढा! मेंदूला या दोहोंची मोट बांधता येत नाही. मग तो बिचारा एक डोळा झाकून वावरे.

भिंग नाकावरून उचलून थेट बुबुळावर ठेवले, तर हा फरक सहा-आठ टक्क्यांवर येतो आणि मेंदू तेवढा सांभाळून घेतो. म्हणून बुबुळावरची काच ही सुरुवातीला हौसेची वस्तू नव्हती, हे आपण ध्यानात घ्यावे. ज्यांना दुसरा इलाजच नव्हता त्यांच्यासाठी ती निघाली.

कल्पना पुष्कळ जुनी. लिओनार्दो दा विंचीने १५०८ च्या सुमारास पाण्यात डोळा बुडवून पाहण्याच्या आकृत्या काढल्या. त्यावरून काही लोक त्यालाच या भिंगाचा जनक म्हणतात. मला ते पटत नाही. त्याला डोळा कसा पाहतो हे समजून घ्यायचे होते, कोणाची दृष्टी सुधारायची नव्हती. देकार्तने सतराव्या शतकात पाण्याने भरलेली नळी डोळ्याला लावण्याची कल्पना मांडली, थॉमस यंगने १८०१ साली ती प्रत्यक्ष लावून पाहिली. जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुचवले की डोळ्याचा साचा घ्यावा, किंवा काचेच्या टोपणात जेली भरून ती डोळ्याला टेकवावी. सूचना उत्तम, पण बधिर न केलेल्या डोळ्याचा साचा घेऊ देणार कोण?

ती अडचण १८८४ साली व्हिएन्नात सुटली. कार्ल कोलर या तरुण डॉक्टरने दाखवले की कोकेनच्या द्रावणाचे थेंब घातले म्हणजे डोळा बधिर होतो. त्याआधी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया म्हणजे रोग्याला धरून बसवून करायचे काम होते. मिरजेचे इस्पितळ उभे राहिले ते या शोधानंतर दहा वर्षांनी. म्हणजे जी युक्ती शस्त्रक्रिया सुसह्य करीत होती, तिनेच बुबुळावर काच ठेवण्याचा मार्ग मोकळा केला.

आणि मग लागोपाठ तीन वर्षांत तीन माणसे तीन गावी ही काच घेऊन उभी राहिली.

पहिला होता जर्मनीतल्या विस्बाडेन गावचा कारागीर, म्युलर घराण्यातला. हे घराणे काचेचे कृत्रिम डोळे फुंकून बनवण्यात वाकबगार. १८८७ साली बॉन शहरच्या एका डॉक्टरने त्याच्याकडे एक रोगी पाठवला. कर्करोगामुळे त्याची पापणी नष्ट झाली होती, उघडा डोळा सुकून जाईल अशी धास्ती होती. म्युलरने पातळ काचेची एक वाटी फुंकली, मध्ये पारदर्शक आणि भोवताली पांढरी, आणि ती डोळ्यावर बसवली. त्या माणसाने ती पुढे वीसएक वर्षे वापरली, आणि डोळा शाबूत राहिला.

दुसरा अडॉल्फ फिक, झूरिकचा डॉक्टर. त्याने १८८८ साली आपला निबंध छापला आणि या वस्तूला 'संपर्काचा चष्मा' अशा अर्थाचे जर्मन नाव दिले. 'कॉन्टॅक्ट' हा शब्द आपण वापरतो तो तिथूनच. त्याने आधी सशांवर प्रयोग केले, मग स्वतःवर, मग रोग्यांवर. काचेखाली द्राक्षशर्करेचे पाणी भरायचे. तासा-दोन तासांनी पाहणाऱ्याच्या नजरेपुढे धुके यायचे, दिव्याभोवती खळे दिसायचे. फिकने हे प्रामाणिकपणे नोंदवून ठेवले, आणि त्याबरोबर एक बारीकशी गोष्टही नोंदवली. काचेखाली हवेचा बुडबुडा राहिला तर धुके उशिरा येते. असे का, ते त्याला सांगता आले नाही. पण निरीक्षण लिहून ठेवले, हे त्याचे मोठेपण. शिक्षकमंडळींनी मुलांना प्रयोगवही लिहायला शिकवताना हे उदाहरण जरूर सांगावे.

तिसरा ऑगस्ट म्युलर, कील विद्यापीठाचा विद्यार्थी. विस्बाडेनच्या म्युलरचा आणि याचा संबंध नाही. याला स्वतःलाच वजा चौदा नंबर होता. हाताच्या अंतरावरचे पुस्तकही ज्याला दिसायचे नाही, असा हा माणूस. त्याने घासून बनवलेली काच स्वतःच्या डोळ्यावर चढवली, १८८९ साली त्यावर प्रबंध लिहिला, आणि त्या प्रबंधात दुःखाची सगळी यादी दिली. कोकेन घातल्याशिवाय काच सहन होत नसे, आणि घालूनही अर्ध्या तासापलीकडे नाही. वानलेस हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर उतरले तेच हे साल.

आता गंमत पाहा. कोणतेही गणित न शिकलेल्या कारागिराची काच वीस वर्षे डोळ्यावर राहिली, आणि शास्त्र शिकलेल्याची अर्धा तास राहीना! यामागे कारण आहे. फुंकलेल्या काचेची कड आपोआप गोलसर, गुळगुळीत होते आणि तिचा आकारही डोळ्याच्या उताराला धरून येतो. घासलेल्या काचेतून दिसते चांगले, पण तिचा आकार यंत्राचा. ही दोन घराणी पुढे चाळीस वर्षे अशीच चालली. जर्मनीतला प्रसिद्ध कारखाना घासलेल्या, मोजून-मापून केलेल्या काचा विकत होता, त्यांतून स्वच्छ दिसे, पण त्या टोचत. विस्बाडेनच्या फुंकलेल्या काचा बसत चांगल्या, पण चित्र वेडेवाकडे येई.

मिरजेच्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. आमच्या गावात तंबोरे आणि सतारी होतात. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याचा भोपळा, दांडी, खुंट्या सगळे मापात असले तरी घोडीवर जवारी लागल्याशिवाय तो बोलत नाही. जवारी काढणारा कारागीर घोडी कानसतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा कानसतो. तिथे फूटपट्टीचे काम नाही. बुबुळावरच्या काचेलाही अशीच जवारी लागते, आणि डोळा हाच तिचा कान.

हे नीट ओळखले ते बुडापेस्टच्या योझेफ डालोश या डॉक्टरने. १९३० च्या सुमारास त्याने जिवंत डोळ्याचे साचे घेतले आणि त्यावर काच बेतली. माणसामाणसाचा डोळा वेगळा, दोन डोळेही सारखे नाहीत, आणि डोळ्याचा पांढरा भाग सगळीकडून एकसारखा गोल तर मुळीच नाही, हे त्याच्या लक्षात आले होते. १९३७ साली तो लंडनला गेला आणि जन्मभर हेच करीत राहिला. काच कड घासून, एखाद्या ठिकाणी उचलून, जरा कमी करून तो बसवी. त्याचे रोगी काच जास्त वेळ घालू शकत, कारण काचेखालच्या पाण्याची ये-जा होत राही. तेच फिकच्या बुडबुड्याचे कोडे!

आता त्या कोड्याचे उत्तर. आपल्या डोळ्याच्या पुढल्या भागावर काचेसारखा स्वच्छ पडदा असतो, त्याला पारपटल म्हणतात. शरीराच्या बाकी बहुतेक भागांना रक्तवाहिन्या प्राणवायू पोचवतात. पण पारपटलात रक्तवाहिन्या असत्या तर आपल्याला त्यांच्या जाळीतूनच जग पाहावे लागले असते. म्हणून निसर्गाने तिथे रक्त ठेवले नाही. पारपटल आपला प्राणवायू थेट हवेतून, आसवांच्या पातळ थरातून घेते. झोपेत पापण्यांच्या आतल्या बाजूकडून घेते. म्हणजे डोळा अक्षरशः श्वास घेतो. त्यावर काच बसवणे म्हणजे नाक दाबणे. प्राणवायू कमी पडला की पारपटल पाणी धरते, सुजते, आणि मग दिव्याभोवती खळे दिसते. फिकच्या बुडबुड्यात थोडी हवा शिल्लक होती, म्हणून धुके उशिरा येत होते. हे प्रयोगाने सिद्ध व्हायला १९५० नंतरचा काळ यावा लागला. साठाहून अधिक वर्षे ते निरीक्षण कागदावर पडून होते.

दरम्यान काचेची जागा प्लॅस्टिकने घेतली होती. १९३६ साली अमेरिकेत फाइनब्लूमने मध्ये काच आणि कडेला प्लॅस्टिक असे भिंग केले. लवकरच ॲक्रिलिक प्लॅस्टिकचे संपूर्ण भिंग आले. १९४८ साली कॅलिफोर्नियाच्या केव्हिन टूही या चष्मेवाल्याने पांढऱ्या भागावरचा सगळा पसारा टाकून फक्त पारपटलावर बसणारे चिमुकले भिंग केले. ते पापणीच्या उघडझापीबरोबर हलते आणि खालचे पाणी बदलते. हेच ॲक्रिलिक प्लॅस्टिक दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या खिडक्यांना होते. वैमानिकांच्या डोळ्यात त्याचे तुकडे गेले, तरी डोळा चिडत नाही, हे लंडनच्या हॅरोल्ड रिडले याने पाहिले, आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजी मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यातच त्याने भिंग बसवले. आपल्याकडे ते सर्वांपर्यंत यायला पुष्कळ वर्षे गेली. १९९४ साली सुरू झालेल्या मोतीबिंदूच्या मोठ्या सरकारी प्रकल्पात महाराष्ट्रही होता. त्यानंतरच्या काळात डोळ्यात भिंग बसवणे सर्रास झाले, आणि सोडाबाटलीचा चष्मा गावातून हळूहळू दिसेनासा झाला. ज्या माणसांसाठी बुबुळावरची काच सगळ्यांत गरजेची होती, त्यांची गरजच उरली नाही. आता ती मुख्यतः तरुणांची झाली.

आणि तरुणांची झाली ती एका पाणीदार पदार्थामुळे. प्राग शहरचे रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टर्ले यांनी पाणी पिऊन मऊ होणारा एक पदार्थ शोधला होता. त्याचे भिंग करता येईल अशी त्यांना खात्री, पण साच्यातून काढताना भिंगाच्या कडा फाटत. सरकारने प्रयोगाचा पैसा थांबवला. मग १९६१ सालच्या नाताळात विख्टर्ले यांनी घरच्या टेबलावर मुलांच्या खेळण्यातल्या 'मेर्कूर' संचाच्या पट्ट्या-स्क्रू जोडून एक यंत्र उभे केले, त्याला सायकलचा डायनॅमो लावला, आणि फिरत्या साच्यात थेंब टाकून मऊ भिंग ओतले. थोड्याच दिवसांत डायनॅमो कमी पडू लागला, तेव्हा ग्रामोफोनची मोटर आणली. शाळेतल्या विज्ञानाच्या खोलीत आपल्याजवळ काहीच साधने नाहीत, अशी तक्रार करणाऱ्या शिक्षकबंधूंना मी ही हकीकत नेहमी सांगतो. (त्यांना ती आवडते असे नाही.) १९७१ साली अमेरिकेत या मऊ भिंगाला परवानगी मिळाली, आणि बुबुळावरची काच घराघरात गेली.

मऊ भिंग घालताच टोचत नाही, ही त्याची खरी करामत. पण टोचणे उशिरा आले म्हणजे गेले असे नव्हे. संध्याकाळी पाच-सहा वाजता ते येते. का येते, ते पाहू.

पारपटलावर मज्जातंतूंची टोके इतकी दाट असतात की अंगावरच्या कातडीपेक्षा ती काही शे पटींनी जास्त. शिवाय वरच्या पापणीची आतली कड दर वेळी डोळा मिटताना भिंगावरून घासत जाते. आपण मिनिटाला दहा-पंधरा वेळा पापणी लववतो. दिवसाकाठी ही घासणी हजारोंनी होते. मध्ये आसवांचे वंगण असेल तोवर ठीक. बैलगाडीच्या आखाला वंगण आहे तोवर चाक कुरकुरत नाही, तसेच हे. पुस्तक वाचताना, मोबाईलकडे एकटक पाहताना पापणी लवते कमी, आसवांचा थर तुटतो, मऊ भिंगातले पाणी उडून जाते, आणि वंगण संपते. त्यात आसवांतले प्रथिन आणि चरबी भिंगावर बसून पुटे धरतात. पूर्वी तर भिंगे धुण्याच्या पाण्यात पाऱ्याचे संयुग टिकाऊपणासाठी घालीत. त्यानेच कित्येकांचे डोळे लाल होत. १९९० नंतर रोज टाकून देण्याची भिंगे निघाली, त्यामुळे पुटांचा प्रश्न पुष्कळ सुटला. १९९९ च्या सुमारास सिलिकॉन मिसळलेली भिंगे आली. ती प्राणवायू भरपूर जाऊ देतात. तेव्हा जाणकारांना वाटले, आता झाले! पण टोचणे पूर्ण थांबले नाही, आणि भिंग लावून झोपणाऱ्यांच्या डोळ्यातले जंतुदोषही थांबले नाहीत. २०१३ साली देशोदेशीच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून या अस्वस्थतेचा एक मोठा अहवाल केला. भिंग आणि डोळा यांचे परस्परांशी जमत नाही म्हणून ती उत्पन्न होते, असे तिचे वर्णन त्यांनी केले. आणि भिंग काढले की ती जाते, ही तिची ओळख सांगितली. एवढे शिकून शेवटी इथेच आले! पण ती ओळख आपल्या फार उपयोगाची आहे, कारण भिंग काढूनही जे दुखणे जात नाही ते निराळे, आणि ते घातक.

इथे जरा थांबून आपल्या भागाचे बोलतो. ही भिंगे ज्या देशांत निघाली तिथली हवा-पाणी वेगळी. आपल्याकडे सांगलीच्या हळदीची पूड हवेत असते, गुऱ्हाळाचा आणि पेटवलेल्या पाचटाचा धूर असतो, द्राक्षबागेत औषधाची फवारणी चालते. मऊ भिंग हे टिपकागदासारखे आहे, जे येईल ते पिऊन धरून ठेवते. फवारणीला, मळणीला, मिरची कांडायला जाताना भिंग काढून चष्मा लावावा हे बरे. लग्नाचेही तेच. होमाच्या धुरात तासभर बसलेल्या मुलीचे डोळे वाहतात आणि लोक म्हणतात सासरी जाण्याचे दुःख! काहींचे ते असेलही.

पण सगळ्यांत मोठे भय पाण्याचे. विहिरीच्या, नदीच्या, नळाच्या साध्या पाण्यात अकॅन्थअमीबा नावाचा एक सूक्ष्म जीव असतो. प्यायलात तर तो काही करीत नाही, आणि निरोगी उघड्या डोळ्याचेही सहसा काही बिघडवत नाही. पण भिंगाखाली सापडला तर पारपटल खातो. १९७० नंतरच्या दशकात डॉक्टरांनी हा रोग ओळखला. अमेरिकेत १९८० नंतरच्या काळात त्याचे रोगी एकदम वाढले, तेव्हा चौकशीत काय निघाले? विकतचे पाणी महाग म्हणून लोक घरीच ऊर्ध्वपातित पाण्यात मिठाच्या गोळ्या विरघळवून भिंगे धूत होते. पाण्यात मीठ घातले म्हणजे ते शुद्ध झाले, अशी त्यांची समजूत. ही समजूत आपल्याकडे नाही असे कोणी छातीवर हात ठेवून सांगावे! वसतिगृहात राहणारी मुले औषधी द्रावण संपले की भिंग नळाच्या पाण्यात ठेवतात, एखादा जिभेवर ओले करून पुन्हा डोळ्यात घालतो. कृष्णेच्या घाटावर भिंग लावून डुबकी मारणारे महाभागही आहेत.

म्हणून शिक्षकांना आणि घरच्या वडीलधाऱ्यांना माझे सांगणे असे. मुलाने भिंग घेतले असेल तर घरात चष्माही शाबूत असावा. पुष्कळ मुले डोळा दुखत असताना भिंग ओढून नेतात, कारण जवळ दुसरे काही नसते आणि फळा दिसत नाही. अशा मुलाला पहिल्या बाकावर बसवा, पण भिंग काढायला लावा. हात साबणाने धुऊन, कोरडे करून मगच भिंगाला लावायचे. कालचे द्रावण आज वापरायचे नाही, त्यात नवे ओतून वाढवायचेही नाही. झोपताना काढायचे. आणि भिंग काढल्यावरही डोळा लाल राहिला, दुखत राहिला, उजेड सहन होईना, अंधूक दिसू लागले, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचे, भिंग आणि डबीसह. औषधाच्या दुकानातून 'मागच्या वेळचे थेंब द्या' म्हणून काही घालू नये. पुष्कळ थेंबांत स्टिरॉइड असते. त्याने लाली जाते, दुखणे दबते, आणि आतला जंतू मोकाट सुटतो. पारपटलावर पांढरा डाग पडला की तो सहसा जन्माचा. वर्गातल्या हुशार मुलीचा डोळा अडीचशे रुपयांच्या बाटलीसाठी जावा, हे ज्याच्या पाहण्यात येईल त्यालाच कळेल.

याउलट, रोज संध्याकाळी नुसते कोरडे वाटणे, हे बहुधा जमवून घेण्याजोगे असते. तासांची संख्या कमी करणे, वाचताना मुद्दाम पापण्या मिटणे, भिंगाचा प्रकार बदलणे, डॉक्टरने सांगितलेलेच थेंब घालणे, असे मार्ग आहेत. आणि कोणाला भिंग मानवलेच नाही, तर त्यात त्याचा काही कमीपणा नाही. ऑगस्ट म्युलरलाही मानवले नव्हते.

आता अगदी अलीकडचे. काही मुलामुलींचे पारपटल ऐन तारुण्यात पातळ होऊन शंकूसारखे पुढे येते. डोळे फार चोळणाऱ्यांत हे जास्त आढळते. चष्म्याने त्यांना नीट दिसत नाही. १८८८ सालीच पॅरिसच्या काल्ट या डॉक्टरने अशा रोग्यांवर काच बसवून पाहिली होती. दुसरे काही रोगी असे की एखाद्या औषधाच्या उलट परिणामाने त्यांची आसवेच आटतात, पापण्यांची आतली बाजू खरखरीत होते, आणि प्रत्येक उघडझाप म्हणजे कानस. या दोन्ही प्रकारच्या रोग्यांसाठी गेल्या तीस-चाळीस वर्षांत जुनी मोठी वाटी परत आली आहे. तीच, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी, पारपटलाला न शिवणारी. फक्त आता ती प्राणवायू आरपार जाऊ देणाऱ्या प्लॅस्टिकची असते. ती लावताना रोग्याने मान खाली घालायची, वाटी निर्जंतुक खारट पाण्याने काठोकाठ भरायची आणि तशीच डोळ्यावर चढवायची. दिवसभर ते पाणी डोळ्यावर राहते आणि सुकलेला, सोललेला डोळा त्या पाण्याखाली शांत होतो. वाटी चढवताना एकच खबरदारी घ्यावी लागते, आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. राहिला, तर काढून पुन्हा भरायची.